नूनकिशूचे पत्रे

नूनकिशूच्या घरावर पत्रे चढले आणि त्या दिवसापासून ते टेकडीवरच्या लॉजच्या डोळ्यांत खुपू लागले. लॉजच्या सज्जातून गवताचा माळ, त्यावर चरणारे झेब्रे, मागे नदीकाठची झाडं आणि शेणानं लिंपलेली आमची वस्ती, असं सगळं एका फोटोत मावायचं. आता मधोमध दहा पत्रे उन्हात लखलखत होते. पाहुणे कुरकुरले. मग मॅनेजर मुरिउकी खाली आला आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना म्हणाला, "पत्रे उतरवा, नाहीतर तुमच्या पोरांच्या लॉजवरच्या नोकऱ्यांचा मला विचार करावा लागेल."

बाभळीखाली बैठक बसली. तिथं बायकांना बोलायची सोय नाही. नूनकिशूचा दीर सिरोंका सगळ्यांच्या आधी बोलून मोकळा झाला, "माझी भावजय आहे. उद्याच उतरवतो." तिला विचारावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

खरं तर आमच्यात घर बाईचं. फांद्या ती रोवते, लिंपते ती. नवरासुद्धा तिच्या दारातून वाकून आत येतो. नूनकिशूनं सव्वीस वर्षं तेच केलं. छप्पर गळायला लागलं की भर पावसात वर चढून शेण थापायचं. नवरा गेला तरी ते सुटलं नाही. चार वर्षांमागं नदीवर पाणी भरताना गवतातून रानरेडा उठला आणि त्यानं तिला शिंगावर घेतलं. तेव्हापासून ती लंगडते. ना छपरावर चढवत, ना नदीवर जाववत. म्हणून तिनं दोन वर्षं मण्यांच्या माळा ओवल्या, विकल्या आणि पत्रे घेतले. पन्हळीखाली पिंप ठेवलं, म्हणजे पाऊस पडला की पाणी दारात. हे सगळं कुणाच्या फोटोपायी जाणार हे कानावर आलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी सिरोंका वस्तीची राखण करणाऱ्या दोन तरुण योद्ध्यांना घेऊन आला. मागून मुरिउकीची गाडी. नूनकिशू दारातच बसली होती, शेजारी टोपलीभर ताजं शेण.

"वहिनी, बाजूला हो."

"होते की. हात धुतलेस का भाऊजी? नसले तरी चालेल म्हणा, शेणातच घालायचेत."

"कसलं शेण?"

"अरे, पत्रे काढल्यावर वर लिंपायला नको? माझा पाय चढत नाही, तेव्हा तूच लिंपणार. राख घालून मळ. आणि हातानंच हं, काठीनं जमत नाही."

घर लिंपणारा पुरुष आमच्यात अजून जन्माला यायचाय. ते दोघे योद्धे तोंड फिरवून खुसखुसायला लागले. भोवती बायका जमल्या.

"माझी बायको लिंपेल," सिरोंका कसाबसा म्हणाला.

"मी?" त्याची बायको नासिएकू गर्दीतून पुढं आली. "आधी माझं गळतंय ते बघ, मग गावभर दानधर्म कर!"

बायका फिदीफिदी हसल्या. आता मुरिउकी गाडीतून उतरला. "आई, पाहुणे इथला निसर्ग बघायला येतात हो."

"तू राहतोस त्या खोलीवर काय आहे?"

"पत्रे. पण ते टेकडीमागं आहेत, दिसत नाहीत."

"मग मी काय टेकडीमागं जाऊन राहू? रानरेड्यानं मला इथून हलवलं नाही, आणि तुझ्या फोटोनं हलेन होय? काढ तुझे फोटो. मी दारात उभी राहते, मलाही घे त्यात!"

सिरोंकानं टोपलीकडे पाहिलं. मग त्या दोघा योद्ध्यांकडे पाहिलं, तर ते केव्हाच चालू लागले होते. तोही निघाला. मुरिउकीनंही गाडी वळवली. नोकऱ्या कुणाच्या गेल्या नाहीत. ऐन मोसमात त्याला वाढपी कुठून मिळणार होते?

तीन दिवसांनी धो धो पाऊस लागला. नूनकिशू पहिल्यांदाच पावसात कोरड्या अंथरुणात झोपली. उजाडताच नासिएकू निथळत दारात आली, भरलेल्या पिंपाकडे बघत म्हणाली, "जाऊबाई, एका पत्र्याला माळा किती लागतात?"

"आत ये. दोरा आहे माझ्याकडे."

आता टेकडीवरून दोन छपरं लखलखताना दिसतात. दुसऱ्याखाली सिरोंका रोज संध्याकाळी वाकून आत जातो.