दगडाबाईचं बारसं

आमच्या आत्याला मिशा होत्या. चांगल्या जाड, पांढऱ्या, चहा प्यायल्यावर रुमालाने पुसाव्या लागायच्या अशा. डोंबिवलीच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले आमचे सर. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही विज्ञानकथा लिहिणारे सात-आठ जण त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी जमायचो. कुणाच्याही कथेत नवं पात्र आलं किंवा नवं यान आलं, की त्याचं नाव सरांसमोर ठरायचं. बाळाचं नाव आत्या ठेवते, म्हणून सर आमची आत्या. हे अर्थात पाठीमागे. समोर 'सर'च म्हणायचो.

नाव नुसतं ठरून भागायचं नाही, त्याचं बारसं व्हायचं. सर ती वही दोन्ही हातांत धरायचे, बाळाचा कान असावा तसा पानाचा कोपरा तोंडाजवळ न्यायचे आणि नाव कुजबुजायचे. मग आम्ही सगळे चांगले बाप्ये-बाया 'कुर्रर्र' करून त्यांच्या पाठीत हलकेच बुक्के मारायचो. आतून वसुधाकाकू हरभऱ्याच्या घुगऱ्या घेऊन यायच्या. काकू सरांच्या पत्नी. सरांनी "वसुधा!" म्हटलं की आतून "ओ" यायची आणि पाठोपाठ वाट्या यायच्या. कथा छापून येवो न येवो, घुगऱ्या मात्र हमखास.

नावाच्या बाबतीत सर भयंकर कडक. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या नायकाचं नाव झोरान होतं आणि यानाचं एक्स-नाइन. सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "ह्या झोरानची आई ह्याला जेवायला कशी हाक मारते? 'झोरान, वरण निवतंय'?" सगळे हसले, मीही हसले, कारण खरंच वाईट होतं ते. मग म्हणाले, "आणि हे एक्स-नाइन मंगळाच्या वाटेवर बंद पडलं, तर आतली माणसं त्याला काय म्हणून शिव्या देतील? ज्या नावाने शिवी देता येत नाही, त्या नावावर जीवही जडत नाही." ह्या त्यांच्या दोन परीक्षा. जेवायची हाक आणि शिवी. मी आजही पात्राला नाव देताना आधी त्याला जेवायला बोलावते.

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य अनुस्वाराचं होतं. "नाव ठेवायचं असतं, नावं ठेवायची नसतात. एका टिंबाचा फरक आहे, पण त्या टिंबात माणूस मरतो." हे ते फळ्यावर लिहावं तशा थाटात हवेत बोट फिरवून सांगायचे. ते टिंब मी तेव्हा फार भाबडेपणाने ऐकलं.

गाड्यांची नावं टिपण्याचं त्यांना वेड होतं. रिक्षा, टेम्पो, डंपर, काही सोडायचे नाहीत. एकदा आम्हा दोघा-तिघांना घेऊन ते बाळकुमच्या नाक्यावर वही घेऊन उभे राहिले. तिथल्या जुन्या घरांची शेतं गेली, मिठागरं गेली, टॉवर आले. पण गाड्यांवर अजून घरातली माणसं बसलेली. एका पाण्याच्या टँकरवर मागे मोठ्या अक्षरांत 'हिराबाई' लिहिलेलं. सरांनी सरळ मालकाला गाठलं. गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन. "पाटील, हिराबाई कोण?"

"माजी आय," तो म्हणाला. "जलमभर मिठागरान राबली. आता गोरं पानी वाटते."

गोड्या पाण्याचा तो टँकर दिवा गावाला निघाला होता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. टँकर वळणावर दिसेनासा होईपर्यंत ते बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंस सुजाता? यानाला नाव द्यायचं तर असं. घरातलं. न लाजता."

न लाजता. हे शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत. पुढचं सगळं ह्या दोन शब्दांवरून झालं, म्हणून मुद्दाम सांगते.

माझ्या आईचं नाव दगडाबाई. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून चौथीचं नाव आजीने दगड ठेवलं. दगडाला काय होतंय. आणि खरंच काही झालं नाही. आई जगली, आंबिवलीला आली, माझे वडील गेल्यावर शाळेत पोरांची खिचडी रांधून मला शिकवलं. पण नावाने तिला आयुष्यभर छळलं. रेशनच्या रांगेत नाव पुकारलं की मागच्या बाया तोंडाला पदर लावायच्या. माझ्या शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव लिहिताना बाई म्हणाल्या होत्या, "खरं नाव सांग." आई पन्नाशीला आल्यावर संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकली, आणि पहिला शब्द शिकली तो हाच. द, ग, डा, बा, ई. वाचताना अजून बोट ठेवून वाचते.

टँकर पाहिला त्याच्या पुढच्या शनिवारी मी नवी कथा वाचली. पृथ्वीवरचं पाणी संपत आलेलं, गुरूच्या एका चंद्रावरून बर्फ आणायचा. आधीची तीन यानं परत आलेली नाहीत. चौथ्या यानाची चालक तुळसा खरात म्हणते, ह्याचं नाव दगडाबाई ठेवा, ह्याला काही होणार नाही. मी वाचायची थांबले. खोलीत कुणी हसलं नाही. सर उठून उभे राहिले. "तीन गेली म्हणून चौथं दगड! अगं, हे नाव नाही, हे चिलखत आहे!" त्या दिवशी ते पानाच्या कानात कुजबुजले नाहीत, चांगलं मोठ्याने म्हणाले, "दगडाबाई!" आणि आमची कुर्रर्र खालच्या दुकानापर्यंत गेली असेल. घुगऱ्यांच्या दोन वाट्या काकूंनी आईसाठी डब्यात भरून दिल्या.

मी घरी येऊन आईला सांगितलं. "यान म्हंजे?" तिने विचारलं. मी हात वर करून दाखवलं. ती घुगऱ्या खात म्हणाली, "माझं नाव तिथं घालतेस? लोक हसतील गं." मी म्हटलं, सर स्वतः उभे राहिले. "मोठ्या शाळंतले सर?" तिने दोनदा विचारलं. मग शेजारच्या मंदाकाकूला सांगून आली, वर्गातल्या बाईंना सांगून आली. दिवाळीपर्यंत अर्ध्या चाळीला ठाऊक होतं की दगडाबाईच्या नावाचं विमान पुस्तकात येणार आहे.

आमच्या मंडळाचा दिवाळी अंक सर संपादित करायचे. शेवटचं मुद्रित ते एकटे तपासत. अंक हातात आला त्या दुपारी मी तो न उघडताच घरी नेला. पहिल्यांदा आईनेच उघडावा म्हणून. तिने हात धुतले, खाली बसली, बोट ठेवून 'द' शोधायला लागली. पहिलं पान झालं. दुसरं झालं. मंदाकाकू दारात उभी. "कुटं गं?" आई म्हणाली. मी अंक घेतला. यानाचं नाव शैलजा होतं. सगळीकडे. चित्रात यानाच्या पोटावरसुद्धा वळणदार अक्षरांत 'शैलजा'. तुळसा खरातची झाली होती तन्वी खरे. आडनावात एवढीशी दुरुस्ती, एक अक्षर गाळलं, एक मात्रा दिली की काम भागलं.

"छापताना चुकलंय," मी म्हटलं.

आईने अंक परत घेतला, मिटला आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. "चुकून एवढं चांगलं नाव येत नाय," ती म्हणाली. मंदाकाकू दारातून निघून गेली. ती हसली असती तरी मला चाललं असतं.

शनिवारपर्यंत मी धुमसत होते. सरांच्या घरी गेले ती चपला न काढताच दारात उभी राहिले. "सर, नाव का बदललंत?"

"अगं, ये तरी आत."

"का बदललंत?"

त्यांना माझ्या आवाजाचं नवल वाटलं असावं. "बदललं कुठे? अर्थ तोच आहे. शैल म्हणजे दगडच. तुझी कल्पना जशीच्या तशी ठेवली आहे मी. उलट नाव जरा उजळलं. अंक कुठेकुठे जातो, सुजाता. वाचक पहिल्याच ओळीला हसला असता, तर गंभीर कथेचं वाटोळं झालं असतं. तुझ्यावर कुणी हसावं हे मला नको होतं."

"आणि खरातवर कोण हसणार होतं?"

सरांनी मिशा पुसायला रुमाल काढला, चहा प्यायले नव्हते तरी. मला तेव्हा कळलं, की बाळकुमच्या नाक्यावर दुसऱ्याच्या टँकरवर ते नाव पाहून त्यांचे डोळे भरून आले ते खरंच होतं. खोटं त्यात काही नव्हतं. फक्त स्वतःचं नाव संपादक म्हणून जिथे छापलं जाणार, तिथे त्यांना ते चालणार नव्हतं. न लाजता, म्हणे. मी फसवली गेले होते, आणि फसवणारा माणूस माझ्याकडे इतक्या मायेने बघत होता की धड भांडताही येईना.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात वाटी होती. "माझंही असंच झालं," त्या सरांकडे न बघता मला म्हणाल्या. "मी माहेरची बबी. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने वसुधा लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. पहिले सहा महिने हाक ऐकू आली तरी कळायचं नाही, की मलाच बोलावताहेत. मग द्यायला लागले ओ."

"वसुधा," सर म्हणाले. सवयीने.

काकूंनी ओ दिली नाही. वाटी माझ्या हातात ठेवली आणि आत गेल्या. मी ती वाटी कपाटावर ठेवून जिना उतरले. पुन्हा त्या घरी गेले नाही. सरांचे निरोप आले, फोन आले, एकदा पत्रही आलं, 'पुढच्या आवृत्तीत पाहू' असं. दिवाळी अंकाला कुठली आलीय पुढची आवृत्ती?

सर गेल्या वर्षी गेले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी आली तेव्हा मी ठाण्याला प्रयोगशाळेत कामावर होते. रडू आलं, ह्याचाच मला राग आला. कारण मला जे काही लिहिता येतं ते त्या माणसाने शिकवलं. माझं पुस्तक निघालं तेव्हा त्यात मी यानाला त्याचं नाव परत दिलं, तुळसाला तिचं आडनाव दिलं. पुस्तक आईच्या हातात ठेवून पान काढून दिलं. तिने द वर बोट ठेवलं, ई पर्यंत नेलं. "बरं झालं," म्हणाली. पण मंदाकाकूला दाखवायला गेली नाही. मला वाटलं, वय झालं, आता तेवढा उत्साह उरला नसेल.

परवा तिला डोळे दाखवायला कल्याणला घेऊन गेले. दवाखाना नवा, कुणाच्या ओळखीचा नाही. मी गाडीवाल्याशी बोलत मागे राहिले आणि ती आधी आत जाऊन नाव नोंदवून बसली होती. मी शेजारी बसले. माझ्या डोक्यात नवी कथा घोळत होती, एका बोटीचं नाव अडलं होतं. टेबलावरची मुलगी कागद बघून पुकारायला लागली. दोन नावं झाली. मग ती म्हणाली, "शैलजाबाई कोण?"

आणि माझी आई पदर सावरून उठली. "ओ," म्हणाली.