डोंगर नसलेल्या देशातला डोंगर

मुलीच्या गावाहून, नेदरलँड्समधल्या न्यूनेनहून निघालो तेव्हा बर्फ नुसता भुरभुरत होता. आमची मृणाल दारासमोर बर्फ वितळायला मूठमूठ मीठ टाकत होती आणि तोंडानं "आई, आटप, बस चुकेल" चालू होतं. साचलेल्या बर्फाखाली समोरचा रस्ता दिसेना, तिथं बस कुठली दिसायला! पण ती आली, आणि वेळेवर आली. ड्रायव्हर हसून "मॉर्खन" (शुभ सकाळ) म्हणाला. जणू काही रोजच घोटाभर बर्फातून बस हाकतो.

मी साताऱ्याची. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला. नेदरलँड्स म्हणजे सखल प्रदेश, बराच भाग समुद्रसपाटीखाली, डोंगर नाहीत, हे मी इतक्या वर्गांना सांगितलं असेल की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि खरं सांगायचं तर आमचे हे मुलीकडे यायला तयार झाले तेही याच एका कारणासाठी. गेल्या वर्षी ह्यांची बायपास झाली. त्याआधी रविवार उजाडला की हा माणूस कुठल्यातरी गडावर. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर म्हणाले, "हिंडा, फिरा, चढासुद्धा." पण ह्यांच्या मनानं जी धास्ती घेतली ती घेतली. चढ दिसला की पाय थांबायचे. साताऱ्यात अजिंक्यतारा दिसतो म्हणून मागच्या अंगणात बसणं सोडलं. इथल्या घरांचे जिने म्हणजे उभ्या शिड्या, तेव्हा मृणालच्या घरी ह्यांचा मुक्काम आल्या दिवसापासून खालच्या हॉलमधल्या सोफ्यावर. "सपाटच बरं आता," म्हणायचे. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं याचं काहीतरी हरवलंय. मला ते ऐकवत नसे.

जावई कामासाठी तैवानला गेलेले, म्हणून मृणालनं समुद्रकाठी दोन-तीन दिवस काढायचा बेत केला. आम्ही दोघं, ती, आणि आमची नात इरा. गावाचं नाव बेर्खन आन झे. बसमधून आगगाडीत बसलो, आणि युट्रेख्ट मागे पडल्यावर इरानं सहज सांगून टाकलं, "आबा, डू यू नो? बेर्खन मीन्स माउंटन्स!"

ह्यांनी मृणालकडे पाहिलं. "डोंगर?"

"बाबा, नावाला हो. समुद्रकाठचे डोंगर. आणि आपली खोली तळमजल्यावर आहे, मी विचारून घेतलंय."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मी भूगोलवाली, मला काय कमी धक्का बसला? इतकी वर्षं मुलांना खोटं शिकवलं की काय!

पुढं एका मोकळ्या शेतात गाडी थांबली ती थांबलीच. रुळांचे सांधे गोठले होते. आपल्याकडे एव्हाना डब्यात सभा भरली असती. इथं लोकांनी शांतपणे थर्मास काढले. समोरच्या बाईंनी आम्हाला पिशवीतून काळ्या गोळ्या दिल्या, "ड्रॉप" (ज्येष्ठमधाची खारट गोळी). मी एक तोंडात टाकली आणि रुमाल शोधू लागले. ह्यांनी मात्र चवीनं चघळली. "हिंगाच्या गोळीची बहीण आहे," म्हणाले आणि आणखी एक मागून घेतली. त्या बाई इतक्या खूश झाल्या की अख्खी पिशवीच ह्यांच्या हातात. बरोबरच्या दोघी तरुणींनी मोबाइलवर पाहून सगळ्या डब्याला गाडी कधी हलणार ते सांगितलं, आणि ती खरंच तेव्हा हलली. या लोकांचं मला फार कौतुक वाटतं. अडचण आली तर तिच्याशी भांडत बसत नाहीत, तिच्या शेजारी बसून कॉफी पितात.

आल्कमारला उतरून पुन्हा बस. झाडांच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि जे दिसलं ते मी कधी नकाशात दाखवलं नव्हतं. एकामागून एक पांढऱ्या टेकड्या, त्यांच्यावर वाळक्या गवताचे झुबके, आणि मधल्या फटीतून करडा, खवळलेला समुद्र. या टेकड्या वाळूच्या. त्यांना इथं म्हणतात "डाउन". चढायच्या वस्तूला डाउन म्हणणारी माणसं जगात दुसरी नसतील. उंचीला आमच्या मानानं टेकाडंच, पण बर्फ पांघरून अशा काही ऐटीत बसल्या होत्या की हसायची हिंमत होईना.

घरमालक दाराशीच उभे होते. ह्यांच्याच वयाचे, उंच, ताठ. नाव केस. आणि डोक्यावर एकही नाही! मी आणि मृणालनं एकमेकींकडे पाहणं कटाक्षानं टाळलं. केस एकटेच राहतात. त्यांनी अंगणातली वाट आमच्यासाठी आधीच खरवडून ठेवली होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या दारातलीही, आणि त्या बाईंनी ते बघून केसच्या पायरीवर पाव आणून ठेवलेला. "इथं समुद्रावर बर्फ टिकत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "खारा वारा खाऊन टाकतो. असा जाड बर्फ मी फार वर्षांनी बघतोय."

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही किनाऱ्यावर जाऊन आलो. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर ओली तपकिरी वाळू आणि तिच्या कडेपासून स्वच्छ पांढरा बर्फ, कुणी धोतराचा काठ आखावा तशी रेघ. लाटांचा फेस गोठून वाळूवर थरथरत होता. मुलं "स्ले" (बर्फावरची घसरगाडी) घेऊन टेकडीवरून किंचाळत खाली येत होती. आयाबाया वर उभ्या राहून त्यांना आणखी ढकलत होत्या. आमची इरा तिथंच चिकटली.

रात्रीच्या जेवणाला केसनी वाटाण्याचं दाट सूप केलं, "स्नेर्ट". त्यात ते एरवी सॉसेज घालतात, आमच्यासाठी वगळलं. चमचा उभा राहील इतकं घट्ट. "पिठलंच की हे, फक्त हिरवं," असं म्हणून ह्यांनी दोनदा घेतलं. मी डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं केली. केसनी ती पावावर लोणी लावून पसरली, एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात. "तिखट पिंडाकास!" (पिंडाकास म्हणजे इथलं शेंगदाण्याचं लोणी.) जेवताना ह्यांनी त्यांना सह्याद्रीबद्दल सांगितलं, कडे, कड्यातल्या चिमण्या म्हणजे चढायच्या उभ्या भेगा, पावसातल्या वाटा. फार दिवसांनी ह्यांना असं बोलताना ऐकलं. केस ऐकून म्हणाले, "तुमचे डोंगर उंच आहेत. आमचे कामाचे आहेत. हे नसते तर या टेबलावर आत्ता समुद्र बसला असता." हे हसले, पण मग हळूच म्हणाले, "माझं डोंगरांचं आता संपलं." केसनी ह्यांच्या ताटलीत पाव ठेवला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीनंतर मृणाल आणि इरा घसरगाडी घेऊन कालच्याच टेकडीकडे गेल्या. आम्ही दोघं टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या सपाट वाटेनं निघालो. सपाट, हे मी आधी केसना विचारून घेतलं होतं. वारा पडलेला, बर्फावर ऊन. हे चक्क शीळ घालत होते.

आणि मग समुद्राकडून आभाळ काळवंडलं. ढग येतो म्हणतात तसा नाही, कुणी पडदा ओढावा तसा. वाऱ्याचा पहिला झोत आला तो बर्फ आणि वाळू एकदमच तोंडावर घेऊन. मागं वळून पाहिलं तर दूर, घराच्या फाटकाशी केस उभे. एक हात जोरजोरात हलवत होते, दुसऱ्या हातानं टेकडीच्या माथ्याकडे बोट दाखवत होते, आणि ओरडत होते, "बेर्ख ये! बेर्ख ये!"

घाईच्या वेळी माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. पण आम्हाला ती आमचीच भाषा ऐकू आली. बेर्ख म्हणजे डोंगर, हे कालच कळलेलं. आणि ये म्हणजे ये!

"अगं, डोंगरावर ये म्हणतोय तो," हे म्हणाले. मग ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "इरा! इराला काहीतरी झालंय वर."

मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत हा माणूस वाट सोडून टेकडीला भिडलेला. केस हिमात दिसेनासे झाले होते. मला दोन भीती एकदम गिळायला आल्या. वर नात आणि समोर हे. ह्यांचं हृदय फुटेल, इथंच, या परक्या वाळूत, आणि मी कुणाला हाक मारू? मी रडत रडत मागून चढत होते. हे गवताचे झुबके धरून, पाय आडवे रोवत, गडाची घसरडी वाट चढावी तसे चढत होते. एकदाही थांबले नाहीत.

माथ्यावर कुणी नव्हतं. खालची कालची घसरण रिकामी, मुलं कधीच पळालेली. "इरा! इरा!" ह्यांनी हाका मारल्या, वाऱ्यानं त्या तोंडातच परत ढकलल्या. तेवढ्यात समुद्रावर वीज लखकन चमकून कडाडली. बर्फ पडताना वीज! कधीतरी असंही होतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. विजेच्या वेळी उंच जागी उभं राहू नये हेही मीच शिकवत आले होते, आणि मी होते कुठं, तर सगळ्या मुलखातल्या सर्वांत उंच जागी, हातात छत्री घेऊन. पाय हलेनात.

"सुधा, छत्री टाक. खाली बस. पाय जुळव," ह्यांचा आवाज आला. तो जुना आवाज, घाबरलेल्या दहा-बारा जणांना कड्यावरून उतरवणारा. ह्यांनी मला धरून टेकडीच्या आतल्या खोलगट वळचणीत नेलं, उकिडवं बसवलं, आणि माझ्या मनगटावर हात ठेवून स्वतःही तसेच बसले. गारा तडतडत होत्या. मी ह्यांची नाडी बघायला हात पुढं केला. "माझी ठीक आहे," म्हणाले, "तुझीच पळतीये."

वादळ आलं तसंच गेलं. उतरताना अर्ध्यावर केस आणि मृणाल वर येताना भेटले, दोघंही धापा टाकत. मृणालनं आधी बाबांना मिठी मारली आणि मगच ओरडायला सुरुवात केली. "इरा कुठंय?" हे एवढंच विचारत होते.

इरा केसच्या स्वयंपाकघरात गरम चॉकलेट पीत बसली होती. ओठांवर तपकिरी मिशी.

"पण त्यांनीच बोलावलं ना आम्हाला डोंगरावर!" मी केसकडे बोट दाखवून म्हणाले. "बेर्ख, ये!"

इरानं आधी डोळे मोठे केले आणि मग हसून खुर्चीवरून घसरलीच. "नेइ, आजी! बेर्ख ये इज नॉट कम टु द माउंटन! इट मीन्स... लाइक, हाइड! गो इनसाइड! टॉय्ज कपाटात ठेवतो ना, दॅट्स ऑल्सो बेर्खन."

म्हणजे डोंगर आणि सुखरूप जागी ठेवणं, दोन्हीला एकच शब्द. केस बिचारे ढगाकडे बोट दाखवून घरात पळा म्हणत होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी ‘ये’ हा शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला, मग टक्कल धरून मटकन बसले. "सॉरी, सॉरी," एवढंच म्हणत राहिले. हे त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "अहो, सॉरी कसलं? वर्षभर मला कुणी असं बोलावलं नव्हतं." ते मी इंग्रजीत सांगायला गेले आणि मध्येच मला रडू कोसळलं. केसनी न विचारता चहा टाकला. मृणालनं व्हिडिओ कॉलवर आमच्या साताऱ्याच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी बारीकसारीक सगळं विचारलं, हसले, आणि म्हणाले, "मग मी काय सांगत होतो?"

निघायच्या दिवशी बर्फ वितळायला लागला होता. खरंच, खारा वारा तो खात होता, टेकड्यांच्या कडा पिवळ्या पडत होत्या. केस बसथांब्यापर्यंत आले. उरलेली चटणी मी त्यांना दिली.

परतताना वाटेत गाडी बदलायची होती. लिफ्टपाशी सायकली आणि बाबागाड्यांची ही रांग. मी सवयीनं रांगेत उभी राहिले आणि बाजूला पाहते तर हे नाहीत. जिन्यानं निघालेसुद्धा, खांद्यावर माझी बॅग. मृणाल ओरडणार होती, मी तिचा हात दाबला. मीही जिन्यानं गेले. अर्ध्यावर हे थांबले, कठड्याला एक हात लावून मागं वळले. गेलं वर्षभर घरातला प्रत्येक माणूस, दूधवाल्यासकट, ह्यांना जो प्रश्न विचारत होता तो ह्यांनी मला विचारला.

"दम लागला का गं?"

मला मुळीच दम लागला नव्हता. तरी मी "हो" म्हणाले, आणि हे माझ्यासाठी थांबले.