वीस मार्च सोडून कुठलाही दिवस

माझा भाऊ अश्वजित तळी शोधायचा. महाडच्या माणसाने तळं शोधावं यात दात काढण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. पण लोक काढायचे, कारण ही तळी शनीच्या एका चंद्रावरची होती. टायटन त्याचं नाव. सगळा बर्फाचा गोळा, आणि तळ्यांत पाणी नाही, तर थंडीने पातळ झालेला गॅस. त्यातही ह्याला भरलेली तळी नको होती. कधीकाळी होती आणि आटली, ती हवी होती. "भरलेली कोणालाही दिसतात गो," म्हणायचा. मी म्हणायचे, शोध बाबा, तुझ्या नशिबी कोरडंच लिहिलंय.

पोटापाण्याला तो पोलादपूरकडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टी लागली की बसा घरी. एसटीतून उतरला की संगणकासमोर. यानाने काढलेले फोटो फुकट बघायला मिळतात म्हणे. मला ते करपलेल्या घावनासारखे दिसायचे. "नीट बघ, शर्मे. ही नदीची वाट. इथपर्यंत येते आणि संपते. मधला भाग खोलगट, कडा वर आलेल्या. नदी जाईल कुठे? इथे तळं होतं!" खरं सांगते, तेव्हा फोटोपेक्षा त्याच्या तोंडाकडेच बघत राहावंसं वाटायचं.

दोन हजार एकवीसच्या पुरात घरात पाणी चढायला लागलं, तर ह्या शहाण्याने आधी संगणक माळ्यावर नेला. माझी शिलाई मशीन गेली गाळात. कित्येक दिवस मी त्याला नुसतं ताट वाढत होते, बोलत नव्हते.

मग परराज्यातल्या एका मोठ्या संस्थेत ह्याच कामाला माणूस हवा असल्याची जाहिरात निघाली. जागा एकच. ह्याने अर्ज केला, सोबत स्वतः शोधलेलं एक आटलेलं तळं पाठवलं. त्यांना ते आवडलं आणि मुलाखतीला बोलावणं आलं. अश्वजितने नवे बूट आणले. तास मोजून पगार घेणारा माझा भाऊ आता त्या चंद्राचंच काम करणार, म्हणून मी गल्लीभर सांगत सुटले. आणि तारीख कुठली आली? वीस मार्च.

"मग त्या दिवशी नाय जमायचं," आमचे बाबा, भिकाजी, जेवता जेवता म्हणाले. त्यावर कोणी वादही घातला नाही. वीस मार्चला आमचं घर चवदार तळ्यावर असतं. सत्तावीस साली बाबासाहेबांमागोमाग पणजोबांनी ओंजळभर पाणी पिलं आणि नंतर मार खाल्ला. तेव्हापासून त्या दिवशी लांबून आलेल्या माणसांना पाणी आणि भाजी-भाकरी द्यायला आम्ही सगळे उभे. बाळंतीण सोडली तर कोणाची सुटका नाही.

अश्वजितने संस्थेला मेल केली: वीस मार्चला मी महाडला असतो, तो सोडून कुठलाही दिवस चालेल. एवढंच.

"अरे, कारण लिही की," मी म्हटलं.

तो हसला. "वीस मार्च लिहिलं, महाड लिहिलं. आणखी काय लिहू? शिकलेली माणसं हायत ती."

मलाही पटलं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना सांगावं लागेल, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

उत्तर आलं की समिती एकच दिवस बसते, पुढील वाटचालीस शुभेच्छा. जागा भरली.

माझं डोकंच फिरलं. हातातलं ब्लाउज टाकून मी त्या संस्थेत फोन लावला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत भांडले. पलीकडची बाई वाईट असती तर बरं झालं असतं, निदान शिव्या देता आल्या असत्या. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आम्हाला वाटलं, गावची जत्रा असेल. हे कळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर घेतली असती मुलाखत, त्यात काय एवढं!"

जत्रा! संध्याकाळी अश्वजित घरी आल्यावर त्याला सांगितलं. लपवून काय करू?

"जत्रा म्हणाली?" एवढंच त्याने विचारलं. नंतर त्याने फोटो उघडलेले मी पाहिले नाहीत. त्या संगणकावर आता माझी मुलगी सलोनी शाळेचा अभ्यास करते. अश्वजित अजून तासिकेवरच आहे.

पुढच्या वीस मार्चला तळ्यावरच्या मंडपात कोणीतरी बाबांच्या हातात माईक दिला. बाबा कधी नव्हे ते मोठ्याने बोलले, "माझ्या पोराने ह्या दिवसासाठी मोठ्या नोकरीला लाथ मारली!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. लोक येऊन अश्वजितची पाठ थोपटत होते, त्याच्यासोबत फोटो काढत होते. बाबा डोळे पुसत होते. इतकं खूश मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं.

अश्वजित पाण्याचे ग्लास भरत होता, आणि भरलेल्या ग्लासात परत ओतत होता. मी त्याच्या हातातून पाण्याचा जग काढून घेतला. माझ्याकडे न बघता तो हळूच म्हणाला, "शर्मे, मी लाथ नाय मारली गो. मी फक्त दुसरा दिवस मागितला होता."