चार खुंट्यांतली सरासरी

पीकमोजणीच्या कामावर उन्हाळे काढलेला माणूस एकदा गप्पांना बसला की उठायचं नाव घेत नाही. त्यात त्याची काय चूक? रोज नवं गाव, नवं शेत, नवा मालक! संध्याकाळी बिऱ्हाडी परतावं तर पिशवीत धान्याचे नमुने आणि तोंडात दोन-चार किस्से ठरलेले.

लढाईचे दिवस होते. धान्याची लेव्ही सुरू झालेली, म्हणजे पिकलं त्यातला ठरीव वाटा सरकारला घालायचा. जिल्ह्यात पिकलं किती, हे सरकारला हवं होतं; पण सगळी शेतं मोजायला माणसं आणायची कुठनं? म्हणून ही नवी तऱ्हा निघाली. आकड्यांच्या छापील तक्त्यातनं डोळे झाकून एक आकडा उचलायचा, बांधापासून तेवढी पावलं आत जायचं, चार खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि आतलं पीक कापून, मळून त्याचं वजन करायचं. असे थोडे तुकडे, त्यांची सरासरी, आणि त्यावरून सगळ्या रानाचा अंदाज. ह्यालाच म्हणायचं सँपल!

आमची तुकडी तिघांची. प्रमुख सांगलीकडचे मगदूमसाहेब. संख्याशास्त्र शिकलेले, अंगानं काटकुळे, आवाज मात्र पहाडी. दुसरे पलटणीतनं सुटून आलेले शिंदे हवालदार. तिसरा मी. योजना एका सालापुरती, परीक्षेवर होती. शेवटी पुण्याचे मोठे साहेब येऊन एका शेताची अख्खी रास मापणार. आमचा अंदाज जुळला तर योजना राहील, नाही तर तिघांनीही घरची वाट धरायची! मगदूमसाहेबांनी ह्यापायी हायस्कुलातली कायमची नोकरी सोडलेली. सासऱ्यांनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं.

*

पहिलंच शेत मेढ्याकडं, डोंगरात. नाचणीचं. शिंदे ऐटीत पावलं टाकत गेले आणि थेट खडकावर जाऊन उभे राहिले! सभोवार पीक, आणि आमच्या वाट्याला नुसता कातळ. खुंट्या ठोकता येईनात, म्हणून चार कोपऱ्यांना धोंडे ठेवले.

मालक हसून बेजार. "आवं, दोन पावलं सरका की! खडकाला कवा कणसं आल्यात व्हय?"

शिंदे सरकलेही असते. पण साहेब बांधावरनं गरजले, "खडक शेतात आहे ना? मग तो सरासरीतही आहे!"

हुकूम म्हणजे हुकूम. शिंद्यांनी दोरी ताणली, रिकामी पिशवी काट्याला लावली, टाचा जुळवल्या आणि खडा सलाम ठोकला. "सर, नाचणी निल! खडक ओक्के!"

*

तो आकड्यांचा तक्ता म्हणजे आमचा जीव की प्राण. पण गावोगाव लोकांना वाटायचं, हे काहीतरी पंचांगच आहे! एका म्हाताऱ्या आबांनी नातीच्या लग्नाचा मुहूर्तच काढायला सांगितला. साहेबांनी परोपरीनं समजावलं, "आबा, हे आकडे कसेही आलेले आहेत. त्यांना काही अर्थ नाही. अर्थ नाही म्हणूनच ते कामाचे!"

आबांनी तक्ता उलटासुलटा बघितला. "आर्थ न्हाई म्हनताय, आन् दिसभर उनातानात त्येच्याच मागं पळताय? जेवलाय का न्हाई सकाळपास्नं?"

*

कवठे महांकाळचे एक बापू मात्र भलतेच हुशार! सकाळी गेलो तर हाताला धरून आम्हाला मुरमाड कोपऱ्यात नेलं. "हितं ठोका खुंट्या. सगळं रान आसंच हाय बगा, लय वंगाळ." लेव्ही वाचवायची होती ना!

साहेबांनी तक्ता उघडला तोच बांधावर बैलगाडी थांबली. लेकीला मागणी घालायला पाहुणे आले होते. बापूंनी झटक्यात आमचा हात सोडला, आणि दुसऱ्या बाजूला, विहिरीजवळच्या टपोऱ्या कणसांत जाऊन ओरडले, "सायेब, तिकडं काय करताय? हितं ठोका! सगळं रान आसंच हाय!"

मगदूमसाहेब शांतपणे म्हणाले, "बापू, म्हणूनच जागा आमचा तक्ता ठरवतो. त्याला ना लेव्ही भरायचीय, ना लेक द्यायचीय!"

*

सरासरी शिकल्यापासून शिंद्यांच्या अंगात वारंच शिरलेलं. एका जत्रेत त्यांना कुस्त्यांच्या जोड्या लावायला बसवलं. गड्यानं काय करावं? दोन्ही तालमींच्या पैलवानांची वजनं घेतली, सरासरी काढली, आणि दोन्हीकडं सारखी आली म्हणून हलगीवाल्याला खूण केली!

एका तालमीत सगळे मध्यम अंगाचे. दुसरीत एक हत्ती आणि बाकीची मिसरूड न फुटलेली पोरं! आखाड्यात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. माणसं पोट धरधरून हसत होती. मगदूमसाहेब तर आनंदानं नाचायचेच बाकी. "शिंदे, नुसत्या सरासरीवर जाऊ नका! पसारा बघा, पसारा!"

वस्ताद तणतणत आले. "हवालदार, आता तुमच्या सरासरीलाच लंगोट चढवा आन् उतरवा आखाड्यात!"

*

आणि मग आला परीक्षेचा दिवस! कडेगावच्या पुढचं गाव, तात्यांचं जोंधळ्याचं रान. आमचे तुकडे कधीच कापून झाले होते, अंदाजाचा आकडा पुण्याला गेला होता. खळ्यावर रास तयार, आम्हीही दुपारी गावातच जेवून तयार. मोठे साहेब मोटारीतनं उतरले, सगळ्या गावासमोर माप सुरू झालं, आणि संपलं तेव्हा रास आमच्या अंदाजापेक्षा तीन मण कमी!

मगदूमसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठे साहेब म्हणाले, "मगदूम, झाली तेवढी हौस पुरे. बंद करा हे."

तात्या उसळले. "रास कमी? माज्या खळ्यात चोरी झाली म्हनता काय? काल सांजचं देवाचं आन् बलुत्याचं काढलं, मगच माप लावलं!"

"काय काढलं?" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"आवं, सुतार, लव्हार, कुंभार, न्हावी... त्येंचं दिल्याबिगर रासीला माप लावत्यात का कुटं?"

आणि आम्ही पळालो की! शिंदे काटा खांद्यावर घेऊन पुढं, मगदूमसाहेब धोतर सावरत मागं, आणि सगळ्यांच्या मागं कोट काढून खुद्द मोठे साहेब! देवळात वजन, लोहाराच्या दारात वजन, कुंभाराच्या ओसरीवर वजन. दर घराला बेरीज चढत होती, आणि मागनं अख्खा गाव ओरडत होता, "आलं! आलं! जवळ आलं!"

शेवटचं घर सुताराचं. बेरीज झाली. फरक राहिला फक्त अडीच शेरांचा.

मगदूमसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब, नमुन्यात एवढा फरक चालतो..."

पण आता मोठ्या साहेबांनाच चेव चढलेला. "चालतो कसा? हे अडीच शेर गेले कुठं? शोधा!"

तेवढ्यात सुतारीणबाई पदर सावरत पुढं झाल्या. "आवं सायेब, त्ये कुटं शोधताय? सकाळी दळलं, दुपारी थापलं, आन् जेवली कोन? हे काय तिघंबी हितंच हुबं हायती!"

मोठ्या साहेबांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. मग मगदूमसाहेबांच्या पाठीवर थाप मारली.

"योजना पुढच्या सालीही चालू राहील, मगदूम. आणि हवालदार, तुम्ही आधी चढा काट्यावर!"