वीतभर मुळं

माझा मामा माळी होता आणि व्यवहारात शुद्ध बावळट होता. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण त्याच्या बावळटपणापायी मामीला राहती खोली सोडावी लागली, तेव्हा मी बोलणार.

विश्रामगृहाच्या मागची ती खोली नोकरीबरोबर मिळाली होती. नोकरी होती पुढचं लॉन सुधारायची. लॉन कसलं, नुसती वाळू. चार वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. मधे टक्कल, कडेला काटेरी तण. त्याआधीचे माळी सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभे राहायचे आणि पाणी चाळणीतून जावं तसं खाली निघून जायचं.

मामाने आधी तण मुळासकट काढलं. मग सगळी जागा कुदळीने खणून वाळूत कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत कालवलं, आणि गुडघे टेकून चार-चार बोटांवर गवताचे ठोंब लावले. गवताने जीव धरेपर्यंत रोज पाणी. नंतर त्याने पाणी तोडायला सुरुवात केली. एक दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यातून एकदाच, पण पोटभर. वरचेवर घोटभर पाजलं की मुळं वरच लोळत राहतात, तहान लागली की खाली पाणी शोधायला जातात, असं तो म्हणायचा.

मामी जगाचे टक्केटोणपे खाल्लेली. "अहो, रोज थोडं थोडं घाला की. गवताला तुमची गरज तरी राहील."

"गवताला फसवू?" मामा हसला.

"गवताला नाही हो. मॅनेजरला."

हातचं राखून काम करणं मामाला जमलंच नाही. दुसऱ्या वर्षी त्याने आम्हा सगळ्यांना मुद्दाम बोलावलं आणि कडेचा एक ठोंब खुरप्याने काढून मुळं दाखवली. चांगली वीतभर होती. मॅनेजरलाही दाखवली, हे त्याचं शहाणपण. "साहेब, आता आठवड्यातून एकदा पाणी दिलं की झालं."

मॅनेजरने ते नीट ऐकून घेतलं. महिनाअखेरीस म्हणाला, "माळीबुवा, तेवढं तर वॉचमनही करेल." आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. गरज सरो, वैद्य मरो.

पुढचे तीन महिने मामा वाट वाकडी करून तिथे जायचा. लॉन वाळलेलं बघायला जायचा, स्पष्टच सांगते. कुंपणाबाहेर उभा राहायचा. भर उन्हाळ्यातही ते हिरवंगार होतं.

मग एका बंगल्यावर काम मिळालं, मागे खोलीही मिळाली. जमीन तशीच वाळूची. तिथे मामाने रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, थोडं थोडं. अकरा वर्षं टिकला. ते लॉन बघायला मात्र त्याने आम्हाला एकदाही बोलावलं नाही. मी आपणहून गेले, तर म्हणाला, "त्यात काय बघायचंय?"

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी बंगल्याच्या मालकीणबाई मागच्या खोलीत मामीला भेटायला आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "असा माळी पुन्हा मिळायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्यामागे लॉन आठवड्यात वाळून गेलं बघा."

मामी खाली बघत म्हणाली, "हो. फार जीव लावायचे."