सोनेगावच्या मनोऱ्याखाली

नरखेडकडच्या देवराव रेवतकरांच्या पोटात कुठली गोष्ट राहिली म्हणून कधी नाही. एकाहत्तर साली त्यांचा धाकटा मुलगा गोविंदा मॅट्रिक झाला आणि म्हणाला, मला विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना ‘उतरा’, ‘थांबा’ सांगणारा अधिकारी व्हायचंय. झालं! देवरावांनी ते गावभर केलं. "आमच्या गोविंदानं हो म्हटल्याबिगर विमान खाली येणार नाही," असं एसटीच्या थांब्यावर छातीठोक सांगू लागले. त्यासाठी शिकायचं काय नि कुठे, हे मात्र ना त्यांना ठाऊक, ना गावात कुणाला.

म्हणून बापलेक नागपूरला आले आणि विचारत विचारत सोनेगावच्या विमानतळावर पोचले. मनोऱ्यातले खोब्रागडे साहेब ड्यूटी संपवून खाली उतरत होते. माणूस भला. दोघांना व्हरांड्यात बसवून त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. आधी फिजिक्स-गणित घेऊन बी.एस्सी. करायची, मग पेपरातल्या जाहिरातींवर लक्ष ठेवून अर्ज टाकायचा, परीक्षा द्यायची. निवड झाली की अलाहाबादला सरकारी ट्रेनिंग. देवराव मोठ्या ऐटीत मान डोलवत होते.

"पण त्याआधी याचे डोळे तपासून घ्या," साहेब म्हणाले. "रेडिओ बिघडला तर विमानाला दिव्याने खुणावावं लागतं. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे उतरू नको."

दुरुस्तीला काढलेला तसला एक दिवा तिथेच होता. साहेबांनी तो व्हरांड्याच्या पार टोकाला नेऊन पेटवला. "कोणता?"

"हिरवा," गोविंदा म्हणाला. दिवा लाल होता.

"काहून गा, घाबरून राहिला का?" देवराव हसले. साहेबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा चुकलं. मग त्यांनी हळूच दिवा खाली ठेवला.

"याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. जन्मापासूनच असतं हे. डॉक्टरला दाखवा, पण मला नाही वाटत ही नोकरी याला मिळेल."

नोकरीचं वाईट वाटायला देवरावांना सवडच मिळाली नाही. त्यांना आपली संत्र्यांची बाग आठवली. दर तोडणीला हा पोरगा पिकल्या फळांत हिरवीकच्च फळं तोडून टाकायचा, आणि दर तोडणीला ते मजुरांसमोर त्याच्या कानाखाली वाजवायचे. कामचोर म्हणायचे, डोळे फुटले का म्हणून विचारायचे. बाया तोंडाला पदर लावून हसत. गेल्या हंगामात तर त्यांनी त्याला दंडाला धरून बागेबाहेर काढलं होतं. देवरावांना स्वतःची इतकी लाज वाटली, की साहेबांना धड रामरामही करता आला नाही.

दोघे रस्त्याला लागले. पोरगा रडत असेल म्हणून त्यांनी चोरून पाहिलं, तर त्याचा चेहरा भलताच मोकळा दिसत होता.

"म्हणजे बाबा, मी कामचोर नाही ना?"

"नाही गा."

"मी लय ध्यान देऊन तोडत होतो. पण तुम्ही म्हणत होते, म्हणून मलेबी वाटलं, आपल्यातच खोट हाये."

देवराव चार पावलं पुढे निघून गेले.

"घरी गेल्यावर मजुरांले सांगून देजा," गोविंदा म्हणाला. "तुम्हीच सांगजा. मी सांगतलं तं बहाणा म्हणतीन."

देवराव हो म्हणाले. पण पोराच्या तोंडाकडे पाहून म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही.