पुस्तकी ड्रायव्हर

आत्या वाचनालयात नोकरीला होती, आणि गाड्यांच्या पुस्तकांचं कपाट ही तिची खासगी जहागीर होती. कुणी गाडीवेडा आला की आधी त्याची उलटतपासणी व्हायची.

"बॉनेट उघडलंयस कधी? नाही? मग हे चित्रांचं पातळ पुस्तक ने. गिअरबॉक्सचा ठोकळा नंतर. आणि ब्रेकचं पुस्तक खुर्चीत बसून वाच, गाडीखाली झोपून नको!"

पुस्तक ऑइलचे काळे अंगठे घेऊन परत आलं, की ती खूश. कामी आलं म्हणायची. तिला स्वतःला मात्र गाडी चालवता येत नव्हती.

ती निवृत्त झाली आणि इकडे बाबांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी मीठ बंद करावं तसं त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं. दारात गंजण्यापेक्षा गाडी विकलेली बरी, असं आईचं म्हणणं. तिचं चुकत नव्हतं. पण बाबांच्या घशाखाली घास उतरेना, आणि आपल्या धाकट्या भावाचं ते तोंड आत्याला बघवेना.

"गिऱ्हाईक यायच्या आत मी शिकते," तिने जाहीर केलं.

पहिल्याच दिवशी ती ऐटीत डावीकडचं दार उघडून बसली, हात पुढे केले, तर समोर सामानाचा कप्पा! तिची लाडकी पुस्तकं सगळी परदेशी, त्यांत स्टिअरिंग डावीकडे. जन्मभर ती मनातल्या मनात डावीकडे बसूनच गाडी हाकत आली होती. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. मग शिकवायला तेच शेजारी बसले. रस्ता तिने बघायचा, इंजिन त्यांनी ऐकायचं.

"ताई, रडतंय ते. दुसरा टाक."

"टाकते रे, ओरडू नकोस!"

क्लच तोंडपाठ, पण पाय ऐकेल तर शपथ. तरी दुसऱ्या खेपेला तिने लायसन्स मिळवलंच.

त्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. आत्या तेव्हा फाटकातून गाडी मागे घेत होती आणि गाडी पुन्हा पुन्हा बंद पडत होती. बाबा लगबगीने त्या माणसाला आडवे गेले.

"गाडी नाहीये हो. बहीण घेऊन गेली."

तो चक्रावला. "अहो, ही काय समोर!"

बाबांनी शांतपणे चष्मा काढून खिशात घातला.

"कुठे? मला तर नाही बुवा दिसत."